क्लॉप बरोबर वेळी गेला का? आणि तुमचा सगळ्यात वेडा गोल कोणता?

ओटला

रविवारी इंदुरात राजेंद्रनगरला मावसभावाच्या मुलाची मुंज होती. जेवणं आटोपल्यावर आम्ही चौघे लिव्हरपूलवाले हॉलच्या मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो आणि इंग्लंडच्या त्या फुटबॉल क्लबचा माजी जर्मन मॅनेजर क्लॉप याचा विषय निघाला. मावसभाऊ म्हणाला, "नऊ वर्षांत इंग्लंडची लीग किती? एक. मग त्याला एवढं डोक्यावर का घेता?" मला तिथे धड उत्तर देता आलं नाही. आवाज चढला, तेवढ्यात आतून हाक आली, विषय तुटला. तीन दिवस तेच डोक्यात घोळतंय, म्हणून इथे मांडतो.

माझं म्हणणं, तो बरोबर वेळी गेला. २६ जानेवारी २०२४. सकाळी पोराच्या शाळेत झेंडावंदन झालं, दुपारी जरा आडवा झालो होतो, आणि मोबाइल थरथरायला लागला तो थांबेचना. व्हिडिओ उघडला तर हा माणूस शांतपणे सांगतोय की अंगातली ताकद संपत चालली आहे, हा हंगाम झाला की मी जातो. त्या दिवशी संघ तक्त्यात पहिला होता. माझ्या वडिलांनी तब्येत पार ढासळेपर्यंत दुकान सोडलं नाही, शेवटची दोन वर्षं त्यांनी आणि आम्ही कशी काढली ते मी जवळून पाहिलंय. पहिल्या नंबरवर असताना "आता माझ्यात पुरेसं उरलेलं नाही" हे तोंडाने म्हणायला काय लागतं, ते मला म्हणूनच कळतं.

आता दुसरा प्रश्न. त्याच्या काळातला असा कुठला गोल, ज्याला तुम्ही कसे ओरडलात, कोणाला मिठी मारलीत, काय फुटलं, हे अजून आठवतं?

माझा सांगतो. ७ मे २०१९, म्हणजे आपल्याकडे ८ तारीख उजाडलेली. चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची स्पर्धा, तिची दोन सामन्यांची उपांत्य फेरी, आणि पहिल्या सामन्यात बार्सिलोनाकडून ३-० हरलेलो. पुढच्या फळीतला सालाह नाही, फर्मिनो नाही. आदल्याच रात्री मँचेस्टर सिटीच्या कोम्पनीने लेस्टरविरुद्ध लांबून तो गोल मारल्याने लीगही हातातून निसटल्यासारखी. तरी रामबागेतल्या आमच्या गच्चीवर अकरा जण जमले. भाड्याचा प्रोजेक्टर, दोऱ्यांवर ताणलेली पांढरी चादर, कोपऱ्यात माठ, सेव-परमलचं पातेलं. मध्यरात्रीसुद्धा फरशी पायाला गरम लागत होती. सातव्या मिनिटाला ओरिगी. मध्यंतरानंतर वाइनाल्डम, आणि दोन मिनिटांत परत वाइनाल्डम. दोन सामने मिळून ३-३ झालं तेव्हा कोणी बोलेचना, बोललं तर मोडेल अशी भीती.

७९ वं मिनिट. रात्रीचे दोन वाजून गेलेले. कॉर्नरचा चेंडू ठेवून ट्रेंट चालू लागला, आमच्यातले दोघे माठाकडे गेले, एक जण चहा ओतत होता. ट्रेंट उलटा फिरला, बार्सिलोनाचे खेळाडू पाठ करून उभे, ओरिगीने मारला. जे बघत होते ते ओरडले, जे बघत नव्हते ते ओरडणाऱ्यांकडे बघून ओरडले. हातातला चहाचा पेला सरळ चादरीवर गेला. माझ्या छातीवर कोणाचं तरी डोकं होतं आणि तो रडत होता. कोण ते मला अजून नक्की माहीत नाही.

लोकसभेची निवडणूक तोंडावर होती, आचारसंहिता लागू, त्यामुळे गस्तीची गाडी गल्लीत थांबलीच. हवालदार जिना चढून वर आला. आम्ही अकरा जण गप्प उभे. त्याने चादरीकडे पाहिलं आणि विचारलं, "मेस्सी हार गया क्या?" हो म्हटल्यावर शेवटची दहा मिनिटं तिथेच उभा राहून बघितली. पहाटे सगळे सरवट्याला पोहे-जिलबी खायला गेलो.

तुमचं लिहा.


तिसरा मजला

ओटलादादा, तो रडणारा मी नव्हतो, पण असतो तर चाललं असतं.

माझा गोल जुना आहे. १४ एप्रिल २०१६, जर्मनीच्या डॉर्टमुंडविरुद्ध. तेव्हा भंवरकुआंला एका हॉस्टेलात राहत होतो, तिसरा मजला, सकाळी पेपर. रात्री दहाला टीव्हीच्या खोलीला कुलूप लागायचं, म्हणून सहा जण एका मोबाइलवर. नऊ मिनिटांत ०-२. मध्यंतरानंतर ओरिगीने एक फेडला, लगेच रॉइसने १-३ केलं. डॉर्टमुंडमधली १-१ बरोबरी धरली, आणि बरोबरीत परक्या मैदानावरचे गोल जड धरायचे, तर आता तीन गोल हवेत. चार जण झोपायला गेले. कुटिन्हो, मग साखो, ३-३. आम्ही दोघं उरलेलो. एकाने उशी तोंडात धरलेली, कारण वॉर्डन खालीच झोपायचे. ९१ व्या मिनिटाला मिलनरने चेंडू टाकला, लोव्रेन उडाला. उशीचा उपयोग झाला नाही. आख्खा मजला उठला.

आणि समोरच्या बाकावर क्लॉपचाच जुना क्लब होता. सात वर्षं ज्यांना घडवलं, त्यांच्याविरुद्ध. त्या रात्री त्याचा चेहरा नंतर पुन्हा पुन्हा बघितला. आनंद होता, पण इतर वेळी पंख्यासारखे फिरणारे हात त्या दिवशी फिरले नाहीत. माझ्या मनात तो माणूस तिथे पक्का बसला.


आकडेमोड

दोघांनीही छान लिहिलंय. मी पंचवीस वर्षं लिव्हरपूल बघतोय, माझं प्रेम कमी नाही. पण धाग्याचा पहिला प्रश्न मॅनेजरबद्दल आहे, तेव्हा हिशेब मांडू द्या.

लीग १, चॅम्पियन्स लीग १, एफए कप १, लीग कप २, सुपर कप, क्लब वर्ल्ड कप. गमावलेले युरोपियन अंतिम सामने ३: २०१६ बासेल, २०१८ कीव, २०२२ पॅरिस. व्हॅन डाइक, ॲलिसन, सालाह, माने, फर्मिनो, ट्रेंट, रॉबर्टसन हे सगळे एकाच वेळी ऐन भरात असलेला संघ, आणि त्यातून एकच लीग.

दुसरं, २०२२ ची चूक. मधली फळी थकलेली सगळ्यांना दिसत होती. हेंडरसन, फॅबिन्यो, थियागो यांच्यावर तो विसंबून राहिला. शेवटच्या दिवशी आर्थरला उसना आणला, तो हंगामभरात १३ मिनिटं खेळला. पाचवे आलो, ६७ गुण. ज्यांनी जिंकून दिलं त्यांच्यावर माया करणं माणूस म्हणून मोठं आहे. मॅनेजरला ते महाग पडतं.

तिसरं, ती जानेवारीतली घोषणा. तेव्हा पहिले होतो. फेब्रुवारीत लीग कप जिंकला, मान्य. पण नंतर मँचेस्टर युनायटेडकडून ४-३, घरच्या मैदानावर इटलीच्या अटालांटाकडून ०-३, एव्हर्टनकडून ०-२. शेवटी तिसरे, ८२ गुण. जाणार हे ठरलेल्या माणसासाठी खेळाडू वर्षभर जीव टाकत नाहीत. कार्यालयातसुद्धा निवृत्तीची तारीख लागलेल्या साहेबाच्या टेबलावर फायली साठतात.

आणि त्याच्या जागी स्लॉट आला, जवळजवळ त्याच संघासह पहिल्याच वर्षी चार सामने शिल्लक ठेवून लीग घेऊन गेला. याचा अर्थ काय लावायचा, ते तुम्ही सांगा.


तिसरा मजला

आकडेमोडकाका, आकडे सगळे खरे, पण अर्धे. २०१८-१९ ला ९७ गुण, अख्ख्या हंगामात एक पराभव. सिटीचे ९८. तो एक पराभवही सिटीकडूनच, आणि त्यात स्टोन्सने रेषेवरून काढलेला चेंडू पूर्ण आत जायला सव्वा सेंटिमीटरसुद्धा बाकी नव्हतं. २०२१-२२ ला ९२, सिटीचे ९३. दोन वेळा एका गुणाने. एवढ्या गुणांत इतर बहुतेक वर्षी लीग मिळाली असती. २०१९-२० ला ९९ करून घेतलीच. तीस वर्षांनी.


आकडेमोड

एका गुणाने गेली म्हणजे गेली. माझ्याही डोळ्यांत पाणी होतं त्या दोन्ही दिवशी.


लाल सैतान

युनायटेडवाला आहे, वाद घालायला आलेलो नाही. धागा वाचला आणि राहवलं नाही.

क्लॉपचं एक वागणं मला कधी पटलं नाही, ते स्पष्ट सांगतो. २ डिसेंबर २०१८, एव्हर्टनविरुद्ध. ९६ वं मिनिट, व्हॅन डाइकचा फटका चुकला, पिकफर्डच्या हातून चेंडू निसटला, ओरिगीने डोक्याने ढकलला. आणि तुमचा मॅनेजर सामना चालू असताना मैदानाच्या मध्यापर्यंत धावत जाऊन ॲलिसनच्या गळ्यात पडला. आठ हजार पौंड दंड झाला, तो रास्तच. समोरचा संघ तिथेच उभा असतो, त्यांचा मान ठेवायला हवा. त्याने नंतर मार्को सिल्वाची माफी मागितली, हेही नोंदवतो.

पण मग मला १० एप्रिल १९९३ आठवतो. शेफिल्ड वेन्सडेविरुद्ध स्टीव्ह ब्रूसने ८६ व्या आणि ९६ व्या मिनिटाला दोन हेडर मारले, ब्रायन किड मैदानात गुडघ्यांवर कोसळला आणि फर्ग्युसन मागून उड्या मारत आला. २६ वर्षं लीग नव्हती. ती चित्रफीत लागली की माझा काका पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावरही खुर्चीतून अर्धा उठतो. मग क्लॉपला कोणत्या तोंडाने नावं ठेवू?

आमची जखमही सांगतो. १९ जानेवारी २०२०, विजयनगरच्या एका कॅफेत तीस लिव्हरपूलवाले आणि मी एकटा. १-० होतं, ९३ वं मिनिट, आमचा कॉर्नर, सगळा संघ वर गेलेला. ॲलिसनने चेंडू धरला आणि थेट सालाहला लाथाडला. सालाह एकटा धावतोय, मागे जेम्स लागलाय, आणि मला शेवट आधीच दिसत होता. गोल. सालाहने शर्ट काढला. त्याच्यापर्यंत पहिला पोहोचला तो दुसऱ्या टोकाचा गोलकीपर, अख्खं मैदान धावून, गुडघ्यांवर घसरत. कॅफेत टेबलं हलत होती, सगळे गात होते की आता लीग आपणच जिंकणार. एका अनोळखी पोराने मला पाण्याचा ग्लास आणून दिला आणि पाठीवर हात ठेवून परत आपल्या घोळक्यात गेला. तो इथे असेल तर त्याला धन्यवाद.


डावी बाजू

तो मी नाही, पण त्या कॅफेत होतो. मला वाटतं मी टेबलावर होतो.


जुना लेफ्ट आउट

तरुण मंडळींनो, मी वयाने मोठा, आणि क्लॉपला उशिरा बघायला लागलो, नातवामुळे. आमच्या काळी चिमणबागेवर बूट नसलेल्या पायाने खेळायचं आणि टीव्हीवर चार वर्षांतून एकदा बघायचं, एवढाच फुटबॉल. तरी गोलानंतरच्या वेडाविषयी लिहितो.

१९९० चा विश्वचषक. दूरदर्शन. लोकमान्यनगरच्या ज्या घरी रंगीत टीव्ही होता त्यांच्या ओसरीवर अख्खी गल्ली. कॅमेरून आणि कोलंबिया. ३८ वर्षांचा रॉजर मिला बदली म्हणून उतरला आणि जादा वेळेत दोन गोल. दुसऱ्या वेळी कोलंबियाचा गोलकीपर इगिता चेंडू घेऊन पार पुढे आला होता, मिलाने तो त्याच्या पायातून काढून घेतला. दोन्ही वेळा कॉर्नरच्या झेंड्यापाशी जाऊन कंबर हलवून नाचला. कोणाला मिठी नाही, कोणाला खुन्नस नाही, झेंड्याबरोबर नाच. मी तेव्हा चाळिशीला टेकलो होतो, गुडघा गेलेला, खेळणं सुटलेलं. ३८ व्या वर्षी कोणी असं नाचू शकतं हे बघून मी त्या रात्री घरी पायी आलो आणि बराच वेळ झोपलो नाही. आफ्रिकेतला तो पहिला संघ उपांत्यपूर्व फेरीत गेलेला.

क्लॉपविषयी एवढंच: मैदानाबाहेर उभं राहून बघणं फार कठीण असतं. आमचे सर टचलाइनवर शिट्टी दाताखाली धरून उभे असायचे, आणि सामना संपला की तिच्यावर दातांच्या खुणा दिसायच्या.


अबोली

हा धागा उघडून तीनदा बंद केला. लिहावं की नाही असं झालं होतं.

१६ मे २०२१. इंदुरात कर्फ्यू होता. आमच्या सुदामानगरात दिवसभर अ‍ॅम्ब्युलन्सशिवाय दुसरा आवाज नसायचा. बाबांना जाऊन तीन आठवडे झाले होते. भाऊ परदेशात, त्याला येता आलं नाही. मुक्तिधामातलं सगळं त्याने फोनच्या पडद्यावर बघितलं, फोन मी धरला होता. त्यानंतर आम्ही रोज बोलायचो, पण औषधं, कागदपत्रं, आईचं जेवण, एवढंच. तो रडला नव्हता, मीही नाही.

आम्हा दोघांना लिव्हरपूलचं वेड बाबांनी लावलं. म्हणून तो वेस्ट ब्रॉमविच सामना आम्ही व्हिडिओ कॉल चालू ठेवून बघत होतो. स्टेडियम रिकामं. १-१. चॅम्पियन्स लीगची जागा जवळजवळ गेलेली. ९५ व्या मिनिटाला कॉर्नर मिळाला आणि आपला गोलकीपर ॲलिसन वर धावला. भावाकडे चित्र माझ्यापेक्षा चार-पाच सेकंद आधी यायचं. माझ्या पडद्यावर ट्रेंट अजून चेंडू ठेवत होता आणि फोनमधून भावाची किंकाळी आली. मला वाटलं त्याला काही झालं. मग माझ्याही पडद्यावर चेंडू आला आणि त्या गोलीने डोकं लावलं.

आई स्वयंपाकघरातून धावत आली. त्या दिवसांत घरात कोणी ओरडलं की काय वाटायचं ते तुम्हाला माहीत आहे. मी म्हटलं, "आई, काही नाही, गोलीने गोल मारला." क्लबच्या इतिहासात कुठल्याही गोलकीपरने मारलेला हा पहिला गोल, हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता. मी एवढंच सांगितलं, की याचे वडील फेब्रुवारीत ब्राझीलमध्ये बुडून गेले आणि कोविडमुळे याला अंत्यसंस्काराला जाता आलं नाही. आई पदर हातात धरून पलंगाच्या कडेवर बसली. म्हणाली, "परत दाखव." ॲलिसन आकाशाकडे बोट करत होता, सगळे त्याला घेरून होते, आणि तो रडत होता. फोनमध्ये भाऊ रडत होता. मग आम्ही तिघंही.

आकडेमोडकाका, त्या वर्षी आपण तिसरे आलो. व्हॅन डाइक ऑक्टोबरपासून जखमी, मधल्या फळीतले लोक मागे खेळवले, घरच्या मैदानावर ओळीने सहा सामने हरलो. त्या संघाचं काही होणार नाही असं मलाच वाटत होतं. ॲलिसन, त्याचे सहकारी आणि बाहेर उभा असलेला तो माणूस यांनी ते वर्ष कसं ओढलं, ते माझ्या हिशेबात किताबांच्या शेजारी जातं. बाकी तुमचा प्रत्येक मुद्दा मी वाचला आणि त्यातले बरेच मला पटतात.


ओटला

अबोलीताई. वाचलं. दोनदा वाचलं.


आकडेमोड

अबोली, बाबांना माझा नमस्कार. तू म्हणतेस ते शेजारी ठेवलं.


डावी बाजू

माझा गोल लिहायला घेतला होता, पण आता त्याच गोलाचं दुसरंच आठवतंय. ३० एप्रिल २०२३, टॉटनहॅम. पंधरा मिनिटांत ३-०, मग हळूहळू ३-३, रिचार्लिसनने ९३ व्या मिनिटाला बरोबरी केली. पुढच्याच मिनिटाला जोटा. क्लॉप चौथ्या पंचाकडे ओरडत धावला आणि धावता धावता त्याच्याच मांडीचा स्नायू ओढला गेला. त्याला पिवळं कार्ड, नंतर पंचांबद्दल बोलला म्हणून बंदी आणि ७५ हजार पौंडांचा दंडही. इथे मी लाल सैतानच्या बाजूचा आहे. चौथ्या पंचाच्या तोंडावर जाणं चूक होतं आणि त्याने ते मान्यही केलं.

पण जुलै २०२५ मध्ये जोटा आणि त्याचा भाऊ अपघातात गेल्यापासून मला त्या सामन्यातला क्लॉप दिसतच नाही. जोटाच दिसतो. आदल्या क्षणी खांदे पाडून उभा असलेला संघ, समोरच्याची एक चूक, डाव्या पायाचा एक फटका. २० नंबर आता क्लबने कोणालाच द्यायचा नाही असं ठरवलंय, ते फार चांगलं केलं.

व्हीएआरवरही, म्हणजे व्हिडिओ बघून पंचांचा निर्णय तपासतात त्यावर, लिहायचं होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते लीगमध्ये आलं तेव्हापासून गोल झाला की मी आधी रेषेवरच्या पंचाकडे बघतो, मग पडद्याच्या कोपऱ्याकडे, आणि मग उठतो. तोवर अंगातलं निम्मं निघून गेलेलं असतं. बरं, एवढं थांबून तरी न्याय मिळावा. सप्टेंबर २०२३ ला टॉटनहॅमकडेच डियाझचा स्वच्छ गोल ऑफसाइड ठरला, व्हीएआरच्या खोलीतल्यांना वाटलं मैदानावर गोलच दिलाय, आणि खेळ पुढे गेला. नऊ जणांनी झुंजून शेवटी ९६ व्या मिनिटाला स्वतःवरच गोल होऊन हरलो. त्या रात्री माझ्या मुलीने विचारलं, "बाबा, तुम्ही डियाझच्या वेळी ओरडला नाहीत?" नव्हतो ओरडलो. थांबलो होतो. ते मला अजून लागतं.


लाल सैतान

यावर सगळ्या क्लबांचं एकमत होईल. आधी ओरडा, मग बघा.


गराडू

नमस्कार सगळ्यांना. मी इथे नवीन, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लिव्हरपूल बघायला लागलो तेच क्लॉपच्या शेवटच्या काही महिन्यांत. नॉटिंगहॅमविरुद्ध ९९ व्या मिनिटाचा नून्येझचा गोल हा माझा पहिला. १९ मे २०२४ चा वुल्व्हजविरुद्धचा निरोप पूर्ण बघितला, स्टँडसमोर जाऊन तो तीनदा मूठ हवेत मारतो तेही. पण खरं सांगतो, मला लोकांइतकं रडू आलं नाही, कारण मागचं माहीत नव्हतं. ओटलाकाका, मी पहिल्यापासून बघायचं ठरवलं तर कुठल्या सामन्यापासून सुरू करू? बार्सिलोना?


तिसरा मजला

डॉर्टमुंडपासून.


डावी बाजू

नॉर्विच, २३ जानेवारी २०१६. ५-४. लल्लानाने ९५ व्या मिनिटाला मारला, सगळा संघ क्लॉपवर कोसळला आणि त्याचा चष्मा मोडला. नंतर म्हणाला की दुसरा चष्मा आहे, पण चष्म्याशिवाय चष्मा शोधणं अवघड असतं.


ओटला

गराडू, तुझ्या प्रश्नाने मला मुंजीत न सुचलेलं उत्तर सुचलं. जरा लांबण लागेल.

दोन सामने बघ, एकापाठोपाठ, आणि दोन्ही आपण जिंकलेले नाहीत. पहिला ८ नोव्हेंबर २०१५, क्रिस्टल पॅलेस. क्लॉपला येऊन जेमतेम महिना झालेला. ८२ व्या मिनिटाला डॅनने गोल मारला, १-२. अजून आठ मिनिटं आणि वरचा वेळ बाकी, आणि आपल्या ॲनफिल्ड मैदानावरचे लोक उठून घरी निघाले. क्लॉप मागे वळून बघतोय. सामन्यानंतर म्हणाला की त्या क्षणी मला फार एकटं वाटलं. काही जणांना राग आला, की आम्ही तिकिटाचे पैसे देतो, कधी जायचं ते आम्ही ठरवू.

दुसरा १३ डिसेंबर, पाच आठवड्यांनी. वेस्ट ब्रॉमविच. पुन्हा १-२, पुन्हा वेळ संपत आलेली. पण या वेळी लोक थांबले. ९६ व्या मिनिटाला ओरिगीचा लांबून फटका, एकाला लागून आत. २-२. बरोबरी! आणि सामना संपल्यावर क्लॉपने खेळाडूंना हाताला धरून कॉप स्टँडसमोर नेलं, सगळ्यांची साखळी केली, हात वर करून नमस्कार. तेव्हा इंग्लंडभर हसले लोक. घरच्या मैदानावर वेस्ट ब्रॉमविचशी बरोबरी आणि किताब जिंकल्यासारखं काय करताय? मीसुद्धा इंदुरात बसून मान हलवली होती. मला ते जर्मनीतून आणलेलं नाटक वाटलं.

ते नाटक नव्हतं. तो त्या थांबलेल्या लोकांचे आभार मानत होता, कारण त्याच्या खेळाला ते लागणारच होते. त्याचं प्रेसिंग म्हणजे चेंडू गेला की लगेच तिघा-चौघांनी तुटून पडायचं आणि तो वरच्या वरच परत काढायचा. त्याने पाय तुटतात. ७० व्या मिनिटानंतर ते करायला पायांत काही उरत नाही, तेव्हा मागून पन्नास हजारांचा आवाज लागतो. लोक ८२ व्या मिनिटाला घरी गेले तर हा खेळ होतच नाही. म्हणून तो आधी लोकांवर काम करत होता. साडेतीन वर्षांनी बार्सिलोनाविरुद्ध ०-३ ने मागे असताना एकही माणूस खुर्चीत बसला नव्हता, आणि ट्रेंटच्या कॉर्नरला बार्सिलोनाचं लक्ष उडालं ते त्या गदारोळात. बॉल-बॉय पोरानेसुद्धा चेंडू लगेच दिला, वेळ घालवला नाही. तोही त्या गर्दीतलाच.

तेव्हा मावसभावाला माझं उत्तर असं, की त्याच्या मिठ्या, त्याचं धावणं आणि त्याचा फुटबॉल हे वेगळे काढून मोजता येत नाहीत. मैदानात धावत गेला ते चुकलं, चौथ्या पंचाच्या अंगावर गेला ते फार चुकलं, हे मी लाल सैतानला मान्य करतो. पण ज्या झऱ्यातून ते आलं त्याच झऱ्यातून बाकीचं सगळं आलं.

आणि आकडेमोडकाका, तुमचा स्लॉटचा प्रश्न. मॅक ॲलिस्टर, सोबोस्लाई, ग्राव्हेनबर्ख ही मधली फळी २०२३ च्या उन्हाळ्यात उभी राहिली, म्हणजे २०२२ ची चूक क्लॉपनेच वर्षभरात दुरुस्त केली होती. स्लॉटने त्यांच्याकडून जास्त शांत, जास्त मोजका खेळ करून घेतला, ग्राव्हेनबर्खला मागे खेळवलं, त्याचं श्रेय पूर्ण त्याचं. पण भरलेलं घर हातात देऊन गेलेला माणूस वेळेवर गेला असंच मी म्हणेन. एक वर्ष आणखी थांबला असता तर कदाचित लीग त्याची झाली असती. कदाचित तो आजारी पडला असता.


आकडेमोड

मधल्या फळीचं मान्य. घोषणा मेमध्ये करायला हवी होती, यावर मी ठाम आहे. पण पॅलेस आणि वेस्ट ब्रॉमविच मी असे शेजारी ठेवून कधी बघितले नव्हते. आज रात्री बघतो.


जुना लेफ्ट आउट

मलाही कोणी लिंक पाठवा. नातू झोपलाय.


गराडू

दोन्ही बघितले, आत्ताच. पॅलेसच्या सामन्यात कॅमेरा एकदा जिन्याकडे वळतो, तिथे रांगच लागली आहे. वेस्ट ब्रॉमविचच्या शेवटी क्लॉप साखळीच्या मध्ये आहे आणि खेळाडूंना स्वतःलाच कळत नाहीये आपण काय करतोय, एक-दोघं एकमेकांकडे बघतायत. तो मात्र हात सोडत नाही.

ओटलाकाका, शनिवारचा सामना गच्चीवर बघता का अजून? मी भंवरकुआंलाच राहतो, येऊ का? सेव-परमल मी आणतो.


ओटला

ये की. जिना चढून वर, दार उघडंच असतं. लाल सैतान, तूही ये, आणि अबोलीताई, आईंना घेऊन या. चादर तीच आहे, डाव्या कोपऱ्यातला चहाचा डाग तेवढा गेला नाही.